फेडरेशन चषक ते सुपर चषक : भारतीय फुटबॉलमधील राष्ट्रीय बाद स्पर्धेची वाटचाल

नवी दिल्ली : भारतातील व्यावसायिक फुटबॉल क्लबांसाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघातर्फे घेतली जाणारी राष्ट्रीय चषक स्पर्धा सुमारे पाच दशकांची झाली आहे. १९७७ मध्ये ‘फेडरेशन चषक’ या नावाने तिची सुरुवात झाली. २०१७ मध्ये ते नाव मागे पडले आणि २०१८ पासून तिची जागा ‘सुपर चषक’ स्पर्धेने घेतली. या काळात नाव, स्वरूप, यजमान शहरे आणि सहभागी संघ वारंवार बदलले. काही वर्षे स्पर्धा झालीच नाही. तरीही आशियाई स्पर्धेचे दार उघडणारा देशातील सर्वांत जवळचा मार्ग आणि साखळीत मागे पडलेल्या संघाला मोठे यश मिळवून देणारी एकमेव राष्ट्रीय संधी, हे तिचे महत्त्व बऱ्याच अंशी टिकून राहिले आहे.

बाद पद्धतीचे गणित

साखळी स्पर्धेत प्रत्येक संघ इतर सर्व संघांशी खेळतो आणि अनेक महिन्यांच्या कामगिरीवर विजेता ठरतो. बाद पद्धतीत पराभूत संघ त्याच क्षणी स्पर्धेबाहेर जातो. सोळा संघांच्या बाद स्पर्धेत विजेता ठरण्यासाठी केवळ १५ सामने पुरतात, कारण विजेता वगळता उरलेल्या १५ संघांना प्रत्येकी एकदाच हरावे लागते. याउलट तेरा संघांनी घरच्या आणि परक्या मैदानावर एकमेकांशी खेळायचे ठरवले, तर साखळीत १५६ सामने होतात. बाद फेरीत सामना बरोबरीत सुटल्यास जादा वेळ आणि त्यानंतर पेनल्टी शूटआऊटचा अवलंब होतो. काही स्पर्धांत जादा वेळ वगळून थेट पेनल्टी घेतल्या जातात.

या पद्धतीचा उगम इंग्लंडमध्ये आहे. १८७१-७२ च्या हंगामात सुरू झालेली एफए चषक ही जगातील सर्वांत जुनी राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा मानली जाते. वाँडरर्स संघाने रॉयल इंजिनिअर्सचा १-० असा पराभव करून तिचे पहिले विजेतेपद मिळवले. साखळीची कल्पना इंग्लंडमध्ये त्यानंतर, म्हणजे १८८८ मध्ये प्रत्यक्षात आली. एफए चषकात आजही ७०० हून अधिक क्लब उतरतात. त्यात गावपातळीवरील हौशी संघांपासून प्रीमियर लीगमधील श्रीमंत संघांपर्यंत सर्वांना स्थान असते. २०१३ मध्ये विगन अ‍ॅथलेटिकने अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला १-० असे हरवले आणि काही दिवसांतच हा संघ प्रीमियर लीगमधून पदावनत झाला. फ्रान्समध्ये २००० साली चौथ्या श्रेणीतील कॅले हा हौशी खेळाडूंचा संघ राष्ट्रीय चषकाच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला आणि नाँतकडून २-१ असा पराभूत झाला. दुर्बळ संघाला बलाढ्य संघासमोर उभे राहण्याचा हक्क मिळणे, हेच चषक स्पर्धेचे मर्म आहे.

फेडरेशन चषकापूर्वी

भारतात चषक स्पर्धांची परंपरा साखळीपेक्षा कितीतरी जुनी आहे. सिमल्यात १८८८ मध्ये सुरू झालेली ड्युरँड चषक ही आशियातील सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा आहे. मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स चषक, तर कोलकात्यात १८९३ मध्ये आयएफए शील्ड सुरू झाली. प्रारंभी या स्पर्धांवर ब्रिटिश लष्करी संघांचे वर्चस्व होते. मोहन बागानने १९११ मध्ये आयएफए शील्ड जिंकून ते मोडले. रोव्हर्स चषक जिंकणारा पहिला भारतीय संघ १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स ठरला, तर १९४० मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंगने ड्युरँड चषक पटकावला.

या तिन्ही स्पर्धांना राष्ट्रीय प्रतिष्ठा असली, तरी त्यांचे आयोजक निरनिराळे होते. ड्युरँडची सूत्रे लष्कराकडे, रोव्हर्सची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे आणि शील्डची बंगालच्या संघटनेकडे होती. संघांना निमंत्रणे देण्याचे अधिकारही त्यांच्याकडेच असत. महासंघाची स्वतःची प्रमुख स्पर्धा होती ती १९४१ मध्ये सुरू झालेली संतोष करंडक. पण तीत राज्यांचे संघ खेळतात, क्लब नाहीत. देशातील सर्वोत्तम क्लब कोणता, या प्रश्नाला महासंघाकडे १९७७ पर्यंत अधिकृत उत्तर नव्हते. फेडरेशन चषकाचा जन्म या गरजेतून झाला.

पहिलाच निकाल धक्कादायक

पहिली फेडरेशन चषक स्पर्धा १९७७ मध्ये केरळमधील एर्नाकुलम येथे झाली. अंतिम सामन्यात बंगळूरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज अर्थात आयटीआय संघाने मोहन बागानचा १-० असा पराभव केला. मोहन बागानने त्याच वर्षी आयएफए शील्ड, ड्युरँड आणि रोव्हर्स या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर पेले यांच्या न्यूयॉर्क कॉसमॉस संघाला २-२ असे बरोबरीत रोखण्याचा पराक्रमही त्याच वर्षीचा. अशा बलाढ्य संघाला दूरध्वनी यंत्रे बनवणाऱ्या सरकारी कारखान्याच्या संघाने नमवावे, ही नव्या स्पर्धेची दणदणीत सुरुवात होती.

त्यानंतरच्या वर्षी कोइम्बतूर येथे आणि १९८० मध्ये कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यातील अंतिम सामने बरोबरीत सुटले. दोन्ही वेळा दोघांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. मधल्या वर्षी, १९७९ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या संघाने मुंबईच्या मफतलाल मिल्सला हरवून करंडक मिळवला. मोहन बागानने १९८१ आणि १९८२ मध्येही विजेतेपद राखले. १९८२ च्या अंतिम सामन्यातही त्यांच्यासमोर मफतलालच होते. १९८३ आणि १९८४ ही वर्षे मोहम्मेडन स्पोर्टिंगची ठरली.

आरंभीच्या वर्षांत महासंघाने ही स्पर्धा जाणीवपूर्वक वेगवेगळ्या शहरांत नेली. कोची, कोइम्बतूर, गुवाहाटी, कोळिकोड, कण्णूर, त्रिशूर, कटक अशा ठिकाणच्या प्रेक्षकांना कोलकात्याचे नामांकित संघ आपल्या गावात पाहायला मिळू लागले. दूरचित्रवाणीवरील थेट प्रक्षेपण दुर्मीळ असलेल्या त्या काळात फुटबॉलच्या प्रसाराला याचा मोठा हातभार लागला.

खाते, कारखाने आणि गिरण्यांचे संघ

फेडरेशन चषकाच्या विजेत्यांची यादी म्हणजे भारतीय क्रीडाक्षेत्राच्या अर्थकारणाचा आलेख आहे. पहिल्या दोन दशकांतील अनेक संघ सरकारी खाती, सुरक्षा दले, कापडगिरण्या आणि उद्योगसमूह यांचे होते. खेळाडूला मानधनापेक्षा नोकरीची हमी महत्त्वाची वाटे. सकाळी सराव, दुपारी कार्यालय आणि निवृत्तीपर्यंत पगार, अशी ती व्यवस्था होती.

या व्यवस्थेचे सर्वांत देदीप्यमान उदाहरण म्हणजे केरळ पोलीस. व्ही. पी. सत्यन, आय. एम. विजयन, सी. व्ही. पप्पचन, यू. शरफ अली असे गुणवान खेळाडू पोलीस दलात एकत्र आले. १९९० मध्ये त्रिशूर येथील अंतिम सामन्यात या संघाने गोव्याच्या साळगावकरला २-१ असे हरवले. १९९१ मध्ये कण्णूर येथे मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्र संघावर मात करून त्यांनी विजेतेपद राखले. केरळच्या एखाद्या संघाने राष्ट्रीय चषक जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढे सत्यन आणि विजयन या दोघांनीही भारतीय संघाचे नेतृत्व केले.

पंजाबमधील फगवाड्याच्या जेसीटी मिल्सने १९९५ आणि १९९६ मध्ये करंडक जिंकला. महिंद्रच्या मुंबईतील संघाला १९९१ आणि १९९३ मध्ये उपविजेतेपदावर समाधान मानावे लागले होते. ‘महिंद्र युनायटेड’ या नव्या नावाने २००३ आणि २००५ मध्ये त्यांनी ही कसर भरून काढली. २००५ च्या अंतिम सामन्यात त्यांनी स्पोर्टिंग क्लब द गोवाला २-१ असे नमवले. फेडरेशन चषक जिंकणारा महाराष्ट्रातील हा एकमेव संघ होय.

मात्र यातील बहुतेक संघ आज राष्ट्रीय पटलावर नाहीत. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये आणि जेसीटी २०११ मध्ये बंद झाला. मालक कंपनीने हात आखडता घेतला की संघ संपतो, हा धडा भारतीय फुटबॉलने या काळात अनेकदा घेतला. चाहत्यांचा आधार असलेले कोलकात्याचे क्लब त्यातून तरले. नोकरीच्या हमीवर उभे असलेले संघ तरले नाहीत.

१३ जुलै १९९७

या स्पर्धेच्या इतिहासातील सर्वांत संस्मरणीय दिवस अंतिम सामन्याचा नाही, तर उपांत्य सामन्याचा आहे. १३ जुलै १९९७ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये ईस्ट बंगाल आणि मोहन बागान समोरासमोर आले. सुमारे १ लाख ३१ हजार प्रेक्षकांनी तो सामना मैदानात बसून पाहिला. भारतातील कोणत्याही क्रीडा सामन्यासाठी नोंदल्या गेलेल्या सर्वाधिक उपस्थितींमध्ये तिची गणना होते.

मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांची ‘डायमंड’ व्यूहरचना त्या हंगामात गाजत होती. आक्रमणावर भर देणाऱ्या या रचनेसमोर ईस्ट बंगालचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी यांनी वेगवान प्रतिहल्ल्यांची योजना आखली. वीस वर्षांच्या भायचुंग भुतियाने तीन गोल केले आणि ईस्ट बंगालने सामना ४-१ असा जिंकला. कोलकात्यात त्या निकालाची चर्चा आजही होते.

चषक स्पर्धेचा स्वभाव मात्र अंतिम सामन्यात दिसला. प्रतिस्पर्ध्याला एवढ्या मोठ्या फरकाने हरवणारा ईस्ट बंगाल साळगावकरकडून २-१ असा पराभूत झाला आणि करंडक गोव्याला गेला. त्या वर्षीचा विजेता साळगावकर होता, हे उपांत्य सामन्याची आठवण सांगणाऱ्यांपैकी अनेकांच्या लक्षातही राहिलेले नाही.

गोव्याचा वाटा

गोव्याच्या क्लबांनी फेडरेशन चषक एकूण सहा वेळा जिंकला. त्यातील चार विजेतेपदे (१९८८, १९८९, १९९७, २०११) साळगावकरची आहेत. धेंपो क्लबने २००४ मध्ये आणि चर्चिल ब्रदर्सने २०१३-१४ च्या हंगामात प्रत्येकी एकदा करंडक मिळवला. जानेवारी २०१४ मध्ये कोची येथे झालेला अंतिम सामना चर्चिल ब्रदर्स आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या गोव्याच्याच दोन संघांमध्ये होता. तो चर्चिलने ३-१ असा जिंकला. विशेष म्हणजे त्याच हंगामाअखेर चर्चिलला देशातील वरच्या श्रेणीच्या साखळीतील स्थान गमवावे लागले.

गोव्याच्या यशाला एक शोकांतिकेची किनार आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरू येथे धेंपो आणि मोहन बागान यांच्यात अंतिम सामना सुरू होता. धेंपोचे दोन्ही गोल ब्राझीलचा आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनिअर याने केले. दुसरा गोल करताना त्याची गोलरक्षकाशी धडक झाली आणि तो मैदानावर कोसळला. त्याचे प्राण वाचू शकले नाहीत. धेंपोने सामना २-० असा जिंकला. परंतु त्या विजयाचा आनंद कोणालाच साजरा करता आला नाही. क्लबने त्याचा १० क्रमांकाचा सदरा कायमचा निवृत्त केला. या घटनेनंतर मैदानावरील रुग्णवाहिका, तातडीचे उपचार आणि प्रशिक्षित वैद्यकीय पथक यांचा प्रश्न देशभर ऐरणीवर आला.

आशियाचे दार

करंडक आणि बक्षीस यांपलीकडे या स्पर्धेचे सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे आशियाई क्लब स्पर्धेतील प्रवेश. राष्ट्रीय साखळी १९९६-९७ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी देशातील क्लबांची महासंघाने घेतलेली प्रमुख स्पर्धा फेडरेशन चषक हीच होती. साखळी सुरू झाल्यानंतर तिचे महत्त्व काहीसे घटले. १९९८ नंतर २००१ पर्यंत स्पर्धेत खंडही पडला. मात्र पुढे विजेत्याला आशियाई फुटबॉल महासंघाच्या एएफसी चषकात स्थान मिळू लागले आणि तिला नवे बळ आले.

याचा लाभ प्रत्यक्ष कामगिरीत दिसला. ईस्ट बंगालने २०१२ मध्ये सिलिगुडी येथे धेंपोला ३-२ असे हरवून फेडरेशन चषक जिंकला आणि पुढच्या वर्षी एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. बंगळूरू एफसीने जानेवारी २०१५ मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर धेंपोला २-१ असे हरवून आपला पहिला फेडरेशन चषक मिळवला. त्या विजयाच्या बळावर एएफसी चषकात उतरलेल्या बंगळूरूने २०१६ मध्ये थेट अंतिम फेरी गाठली. दोहा येथील त्या सामन्यात इराकच्या एअर फोर्स क्लबने त्यांना १-० असे हरवले. पण या स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला.

ऐजॉलची झेप

फेडरेशन चषकाची शेवटून दुसरी आवृत्ती २०१६ मध्ये झाली. आय-लीगमधील पहिल्या आठ संघांमध्ये घरच्या आणि परक्या मैदानांवर उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामने झाले. मिझोरामच्या ऐजॉल एफसीची त्या वर्षीची अवस्था विचित्र होती. साखळीत हा संघ आठवा आला होता. त्याच्या खाली असलेल्या पुण्याच्या डीएसके शिवाजीयन्सला नवा संघ म्हणून पदावनतीपासून संरक्षण होते. परिणामी पदावनतीची कुऱ्हाड ऐजॉलवर कोसळली.

याच ऐजॉलने फेडरेशन चषकात आय-लीग विजेत्या बंगळूरूला उपांत्यपूर्व फेरीत घरी पाठवले. उपांत्य फेरीत स्पोर्टिंग क्लब द गोवाला मागे टाकून त्यांनी अंतिम फेरी गाठली. २१ मे २०१६ रोजी गुवाहाटीत मोहन बागानने त्यांचा ५-० असा धुव्वा उडवला आणि विक्रमी चौदावे विजेतेपद मिळवले. परंतु पदावनत संघाने देशातील दोन नंबरच्या करंडकासाठी झुंज दिली, ही बाब दुर्लक्षित राहण्यासारखी नव्हती. गोव्याच्या काही क्लबांनी माघार घेतल्यामुळे रिक्त झालेल्या जागेवर ऐजॉलला पुढच्या हंगामात आय-लीगमध्ये परत घेण्यात आले. ३० एप्रिल २०१७ रोजी प्रशिक्षक खालिद जमील यांच्या मार्गदर्शनाखाली याच संघाने आय-लीगचे विजेतेपद पटकावले.

शेवटचा फेडरेशन चषक बंगळूरूने जिंकला. २१ मे २०१७ रोजी कटकच्या बाराबती मैदानावर जादा वेळेत सी. के. विनीतने केलेल्या दोन गोलांच्या जोरावर त्यांनी मोहन बागानला २-० असे हरवले. चाळीस वर्षांच्या या वाटचालीत मोहन बागानने १४, ईस्ट बंगालने ८ आणि साळगावकरने ४ विजेतेपदे मिळवली. १९७८ आणि १९८० मधील संयुक्त विजेतेपदे दोघांच्याही खात्यात धरलेली आहेत. मोहम्मेडन स्पोर्टिंग, केरळ पोलीस, जेसीटी, महिंद्र युनायटेड आणि बंगळूरू यांनी प्रत्येकी दोनदा, तर आयटीआय, सीमा सुरक्षा दल, धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स यांनी प्रत्येकी एकदा करंडक जिंकला.

सुपर चषकाचा आरंभ

इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाल्यावर देशात दोन समांतर साखळ्या झाल्या. या दोन्ही साखळ्यांतील क्लबांना एका मैदानावर आणण्यासाठी २०१८ मध्ये सुपर चषकाची योजना झाली. दोन्ही साखळ्यांतील पहिल्या सहा संघांना थेट प्रवेश आणि उरलेल्या संघांसाठी पात्रता सामने, अशी रचना करून सोळा संघांची स्पर्धा भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियममध्ये झाली. अंतिम सामन्यात बंगळूरूने ईस्ट बंगालला ४-१ असे पराभूत केले. पिछाडीवर पडलेल्या बंगळूरूला मुंबईकर बचावपटू राहुल भेकेने बरोबरी साधून दिली आणि कर्णधार सुनील छेत्रीने दोन गोल केले.

पुढच्याच वर्षी या स्पर्धेवर वादाचे सावट आले. आय-लीगच्या भवितव्याबाबत नाराज असलेल्या काही क्लबांनी स्पर्धेतून अंग काढून घेतले. एफसी गोवाने चेन्नईयन एफसीला २-१ असे हरवून आपल्या इतिहासातील पहिला करंडक जिंकला; पण दोन साखळ्यांना जोडण्याचा मूळ हेतू त्या वर्षी सफल झाला नाही. त्यानंतर करोना साथीमुळे तीन वर्षे स्पर्धा होऊ शकली नाही.

एप्रिल २०२३ मध्ये केरळमध्ये स्पर्धा पुन्हा सुरू झाली. कोळिकोड येथील अंतिम सामन्यात ओडिशा एफसीने बंगळूरूला २-१ असे हरवले. दोन्ही गोल डिएगो मॉरिसिओचे होते. संघाची सूत्रे गोव्याचे माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे होती. जानेवारी २०२४ मध्ये भुवनेश्वर येथे ईस्ट बंगालने यजमान ओडिशाला जादा वेळेत ३-२ असे नमवून बारा वर्षांनी राष्ट्रीय स्तरावरील करंडक मिळवला.

२०२५ ची स्पर्धा पहिल्या फेरीपासून निव्वळ बाद पद्धतीने आखण्यात आली. इंडियन सुपर लीगचे १३ आणि आय-लीगचे तीन संघ त्यासाठी निश्चित झाले होते. त्यापैकी चर्चिल ब्रदर्सने माघार घेतली. ३ मे २०२५ रोजी एफसी गोवाने जमशेदपूर एफसीला ३-० असे हरवले आणि सुपर चषक दोनदा जिंकणारा पहिला संघ होण्याचा मान मिळवला. पराभूत संघाचे प्रशिक्षक खालिद जमील यांची काही महिन्यांतच राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली.

या विजयामुळे एफसी गोवाला आशियातील दुसऱ्या श्रेणीच्या ‘एएफसी चॅम्पियन्स लीग टू’ स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत स्थान मिळाले. ऑगस्टमध्ये फातोर्डा येथे ओमानच्या अल सीब क्लबला २-१ असे हरवून ते गटसाखळीत दाखल झाले. ऑक्टोबरमध्ये सौदी अरेबियाचा अल नासर संघ मडगावला आला. ख्रिस्तियानो रोनाल्डो संघासोबत आला नसला, तरी यजमानांनी कडवी झुंज दिली आणि सामना १-२ असा गमावला. एका चषक स्पर्धेतील चार सामन्यांचा प्रवास एखाद्या क्लबला कोठवर नेऊ शकतो, याचे हे ताजे उदाहरण आहे.

साखळी थांबली, चषक झाला

२०२५-२६ च्या हंगामात या स्पर्धेला अनपेक्षित महत्त्व आले. महासंघ आणि त्याचा व्यापारी भागीदार यांच्यातील २०१० चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता. त्याच्या नूतनीकरणाचा निर्णय न झाल्याने जुलैमध्ये इंडियन सुपर लीग स्थगित करण्यात आली. काही क्लबांनी पहिल्या संघाचे कामकाज तात्पुरते थांबवले. शेकडो खेळाडू, प्रशिक्षक आणि कर्मचाऱ्यांच्या उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. महासंघाच्या घटनेचा दीर्घकाळ प्रलंबित असलेला वाद सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये निकाली काढला. एरवी हंगामाच्या शेवटी किंवा मध्यावर होणारा सुपर चषक त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये गोव्यात घेण्यात आला. साखळीविना हंगाम सुरू करणारी ती स्पर्धा ठरली.

त्या स्पर्धेत लक्ष वेधले ते धेंपो क्लबने. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि चेन्नईयन यांच्या गटात हा संघ सर्वांत दुर्बळ मानला जात होता. त्यांनी ईस्ट बंगालला २-२ आणि मोहन बागानला गोलशून्य बरोबरीत रोखले. कोलकात्याच्या दोन्ही संघांचे गुण समान झाले, परस्परांमधील सामनाही गोलशून्य सुटला आणि गोलफरकाच्या आधारे ईस्ट बंगाल पुढे गेला. धेंपोकडून सुटलेल्या दोन गुणांची किंमत मोहन बागानला स्पर्धेबाहेर जाऊन मोजावी लागली. ७ डिसेंबर रोजी फातोर्डा येथील अंतिम सामना गोलशून्य बरोबरीत सुटल्यानंतर एफसी गोवाने ईस्ट बंगालला पेनल्टी शूटआऊटमध्ये ६-५ असे हरवून विजेतेपद राखले.

पुढील प्रश्न

सुपर चषकासमोरचे प्रश्न जुनेच आहेत. पहिला प्रश्न वेळापत्रकाचा. स्पर्धा कधी एप्रिलमध्ये, कधी जानेवारीत, तर कधी ऑक्टोबरमध्ये होते. हंगामाअखेर झाल्यास परदेशी खेळाडू मायदेशी परतलेले असतात आणि साखळीत थकलेले संघ राखीव खेळाडू उतरवतात. दुसरा प्रश्न मैदानाचा. सर्व सामने एक-दोन शहरांत घेतल्याने खर्च वाचतो. मात्र क्लबांच्या चाहत्यांना आपल्या गावात सामना पाहता येत नाही. २०१६ मध्ये ऐजॉलच्या राजीव गांधी स्टेडियमवर घरच्या प्रेक्षकांसमोर संघाने जो जोम दाखवला, तो अशा रचनेत शक्य नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत मूलभूत आहे, तो प्रवेशाचा. एफए चषकात शेकडो क्लब उतरतात. भारताच्या राष्ट्रीय चषकात सोळा. तृतीय श्रेणीतील संघांना, राज्य साखळ्यांच्या विजेत्यांना त्यात वाट नाही. मुंबई, कोल्हापूर, मडगाव, इम्फाळ, शिलाँग किंवा मलप्पुरम येथील स्थानिक क्लबाने कितीही सरस कामगिरी केली, तरी त्या हंगामात त्याची गाठ देशातील अव्वल संघाशी पडत नाही. पुनरुज्जीवित ड्युरँड चषकात सैन्यदलांचे आणि निमंत्रित संघ खेळतात. पण तिच्या विजेत्याला आशियाई स्पर्धेत स्थान नाही.

आयटीआय, सीमा सुरक्षा दल, केरळ पोलीस आणि ऐजॉल या चार नावांत या स्पर्धेच्या सार्थकतेचे उत्तर दडलेले आहे. कोलकात्याच्या मातब्बर क्लबांनी हा करंडक सर्वाधिक वेळा जिंकला. पण स्पर्धेला ओळख मिळवून दिली ती त्यांना आव्हान देणाऱ्या संघांनी. महासंघ पुढील हंगामांची आखणी करताना अशा संघांसाठी दार किती उघडे ठेवतो, यावर राष्ट्रीय चषकाचे भवितव्य अवलंबून राहील.